जाते म्हणू नये

संयोगिता मगदूमला यजमान होते, आणि ते हिरवे होते.

लग्न झालेलं नव्हतं. तिच्या कंपनीच्या तपासणीच्या खोलीत एक मोठा संगणक होता, त्याला सगळीकडे होस्ट म्हणतात. सगळं मराठीत करायची लाट आली तेव्हा कुणा हौशी माणसानं त्याचं नाव यजमान ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. संयोगिता घरून फोनवर "यजमान सकाळपासून लाल आहेत" किंवा "यजमानांना जरा बंद करून परत चालू करा" असं बोलायची, आणि स्वयंपाकघरात कांदा चिरणाऱ्या शेवंतामावशी कान टवकारायच्या. मावशींनी शेवटी गल्लीत सांगून टाकलं, की मगदुमांच्या संयूनं कुणाला न विचारता लग्न केलंय आणि माणूस तापट दिसतो.

हे यजमान करायचे काय, तर मोबाइल तपासायचे. खोलीत भिंतीभर मांडण्या होत्या, मांडण्यांवर शेकडो मोबाइल, आणि प्रत्येकाची वायर यजमानांच्या पोटात गेलेली. यजमान एकेका मोबाइलला हुकूम सोडायचे, की तुझ्यातला अमुक भाग आत्ता चालव. मोबाइल तो चालवायचा आणि काय झालं ते कळवायचा. उत्तर ठरल्याप्रमाणे आलं की पडद्यावर हिरवी खूण, नाही आलं की लाल. माणसांनी एकेक मोबाइल हातात धरून हे करायचं म्हटलं असतं तर पिढ्या खपल्या असत्या.

तपासायचं होतं ते पाठराखणीला. पूर्वी नव्या नवरीबरोबर सासरी एक बाई धाडत, तिला पाठराखीण म्हणत. आता कोल्हापुरात, आणि सगळीकडेच, मुलं नोकरीवर गेली की म्हाताऱ्या माणसांबरोबर घरी राहायची ती ही पाठराखीण, म्हणजे साध्या मोबाइलमधला एक प्रोग्राम. घरात कॅमेरा लावायला कायद्यानं बंदी आली होती आणि ते बरंच झालं होतं. पाठराखीण बघत नसे, फक्त ऐकत असे. आवाजावरून माणसं ओळखायची, कोण घरात आहे आणि कोण बाहेर पडलं याचं भान ठेवायची. म्हातारं माणूस एकटं राहिलं की पहाऱ्यावर बसायची. नळीवर बसवलेल्या कळीतून गॅस बंद करायची, नळ वाहत राहिला तर आठवण द्यायची, पडल्याचा आवाज आला तर घरच्यांना फोन करायची. दुसरं कुणी घरात असलं की मात्र ती गप्प बसायची. सुना स्वयंपाक करत असताना मशीन गॅस बंद करतं अशा तक्रारी पहिल्याच वर्षी आल्या होत्या.

एवढी हुशार बया सगळ्या कोल्हापूरची राखण करत होती आणि संयोगिताच्याच घरी पातेली करपत होती.

तिचे वडील, आप्पा मगदूम, भूगोलाचे मास्तर होते. देशोदेशीच्या राजधान्या अजून तोंडपाठ, पण आपण जेवलो का ते आठवत नव्हतं. दुपारी शेवंतामावशी गेल्या की संध्याकाळी संयोगिता येईपर्यंत ते एकटे असत. या मधल्या वेळात त्यांना चहाची तल्लफ यायची. ते गॅस पेटवून पातेलं ठेवायचे आणि पेपर वाचायला जाऊन बसायचे. पाठराखणीनं गॅस कधीच बंद करायला हवा होता. तिला विचारलं तर ती गोड आवाजात सांगायची, "घरात शेवंतामावशी आहेत." मावशी तर त्या वेळी स्वतःच्या घरी भाकऱ्या थापत असायच्या.

परत एकदा पातेलं जळालं तेव्हा संयोगिताचा तोल गेला. तिनं मावशींना विचारलं, की तुम्ही गुपचूप निघून जाता का, न सांगता? मावशींचा चेहरा उतरला.

"मी काय खुळी हाय व्हय ताई? रोज सांगून जातो की आप्पास्नी. येतो म्हणतो आन् मगच पायरी उतरतो."

"मशीन म्हणतं तुम्ही घरातच होता."

"मग मशिनीलाच भांडी घासाय लावा," मावशी म्हणाल्या आणि पदर खोचून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसा त्याच संध्याकाळी बेंगळुरूहून विश्वजितदादाचा फोन आला. पातेल्याची बातमी त्याला गल्लीतून कळली होती. त्यानं एका वृद्धनिवासात जागा बघून ठेवली होती. तो समजुतीनंच बोलला, पण मुद्दा सरळ होता. तुझ्याच कंपनीचं यंत्र तुझ्याच घरात चालत नसेल, तर पुढच्या वेळी मी येऊन आप्पांना घेऊन जाणार. संयोगिताला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. आप्पांना हे घर सोडून कुठंही नेलं तर ते महिनाभरात हात धुवायची जागासुद्धा विसरतील, हे तिला ठाऊक होतं. या घरात निदान त्यांच्या पायांना सगळं पाठ होतं.

ऑफिसात तिचे साहेब शिरगावकर म्हणाले, की यजमान हिरवे आहेत. "माणूस बाहेर पडला" हा भाग यजमानांनी सगळ्या मोबाइलांवर चालवून बघितला होता, आणि प्रत्येक मोबाइलनं त्या क्षणी गॅस बंद केला होता. म्हणजे प्रोग्राम ठीक होता. बिघाड घरात होता. "तुमच्याकडचं वायरिंग बघून घ्या," ते म्हणाले, आणि संयोगिताला वाटलं की आधी तुमचं बघावं.

मावशी नाहीत म्हणून सकाळी तिनंच पोळ्या लाटल्या, आप्पांचं ताट झाकून ठेवलं. आप्पा मागंमागं होते. त्यांचा रोजचा प्रश्न सुरू झाला होता.

"माई कुठाय?"

माई म्हणजे आई. तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की खोटं सांगू नका, शांतपणे खरं सांगा. संयोगितानं शांतपणे खूप दिवस सांगून बघितलं होतं. दर वेळी आप्पा ती बातमी पहिल्यांदा ऐकत होते आणि दर वेळी पहिल्यांदा रडत होते. मग तासाभरानं पुन्हा विचारत होते. तिच्यातला शांतपणा असा रोज थोडाथोडा झिजून आता जवळजवळ संपला होता.

"गेली, आप्पा," ती पोळी उलटत म्हणाली.

"असं कसं? दवाखान्यात जाताना येते म्हणाली मला."

"म्हणाली होती. पण गेली."

"येते म्हणालेलं माणूस जाईल कसं? तू नीट बघितलंस का?"

तिनं गॅस बंद केला, डबा भरला. पर्समध्ये किल्ली सापडेना, आप्पा दारात उभे राहून तेच विचारत राहिले. ऑफिसात यजमान, घरी आप्पा, फोनवर दादा, आणि सगळ्यांना तिनंच उत्तर द्यायचं. तिला एकदम सगळं असह्य झालं.

"मला उशीर होतोय. जाते मी," ती ओरडली आणि चपला घालून पायरी उतरली.

मागून पाठराखीण गोड आवाजात म्हणाली, "ठीक आहे. आप्पा, मी सोबत आहे. गॅस बंद केला आहे."

संयोगिता जागच्या जागी थांबली. इतक्या दिवसांत हे वाक्य तिनं या घरात एकदाही ऐकलं नव्हतं. आणि आप्पा, ज्यांना काल काय खाल्लं ते आठवत नव्हतं, ते मास्तरांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "जाते म्हणू नये. येते म्हणावं. एवढं शिकवलं नाही का तुला?"

ती पायरी चढून परत आत आली. दारात उभी राहून मोबाइलकडे बघत म्हणाली, "येते."

"या," पाठराखीण म्हणाली. "संयोगिता घरात आल्या आहेत. गॅस सुरू केला आहे."

"जाते."

"ठीक आहे. आप्पा, मी सोबत आहे. गॅस बंद केला आहे."

"हिला काय झालंय?" आप्पांनी विचारलं. संयोगिता दारातच मटकन बसली. तिला हसूही येत होतं आणि मोबाइल उचलून गटारीत टाकावासाही वाटत होता. महाराष्ट्रात घराबाहेर पडणारं कुठलं माणूस दारात उभं राहून "मी जातो" म्हणतं? अगदी भांडून निघालेलंसुद्धा जीभ चावून "येतो" म्हणतं. शेवंतामावशी रोज "येतो आप्पा" म्हणून पायरी उतरायच्या आणि पाठराखीण त्यांना रोज घरात घ्यायची. कोल्हापूरच्या बायका येतो-जातो असं पुरुषी बोलतात, त्यानंही ती गोंधळायची, पण ते दुखणं वेगळं. पाठराखणीच्या लेखी मावशी कितीतरी वेळा आल्या होत्या आणि एकदाही गेल्या नव्हत्या.

ऑफिसला जाताना तिला बाकीचंही उलगडत गेलं. बोलायची वाक्यं मुख्य कचेरीतून आली होती, इंग्रजीतून मराठीत केलेली, "मी जात आहे" अशी. आणि यजमानांची तपासणी तिनं स्वतःच लिहिली होती. वेळ वाचावा म्हणून तिनं मोबाइलच्या कानाला वगळलं होतं. यजमान मोबाइलला काही ऐकवतच नव्हते. "माणूस बाहेर पडला" हा आतला भाग वायरीतून थेट चालवत होते. दाराची घंटा वाजते का हे बघायला घरातल्या घरात दोन तारा जोडायच्या, घंटा वाजली की खूश व्हायचं, आणि बाहेरचं बटण कुणी दाबूनच बघायचं नाही, तसं झालं होतं. घंटा उत्तम होती. बटणच दुसऱ्याच्या दारावर बसवलं होतं.

शिरगावकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. हे अपवाद असतात, ते म्हणाले. आजकाल लोक सरळ बोलतात. आपण तिशीतल्या पिढीचा विचार केला पाहिजे. शिवाय येत्या सोमवारी नवी आवृत्ती राज्यभर लाखो घरांत जाणार होती, शासनाचं कंत्राट होतं, आता शब्दांवर काथ्याकूट करायला वेळ नव्हता. ते घड्याळ बघत उठले, कारण त्यांची दुसरी बैठक होती.

"बरं मग मगदूम, बघा तुम्ही. चला, येतो मी."

टेबलावरचा तपासणीचा मोबाइल म्हणाला, "या. बसा."

शिरगावकर खरोखरच बसले. मग ते म्हणाले की हे गंमतशीर आहे, आणि अर्ध्या तासात त्यांनी उपाय शोधला. प्रोग्रामला हात लावायचा नाही. सगळ्या ग्राहकांना सूचना पाठवायची, की घराबाहेर पडताना कृपया स्पष्ट शब्दांत "मी जातो" किंवा "मी जाते" असे म्हणावे.

संयोगितानं ती सूचना वाचली. अख्ख्या महाराष्ट्राला दारात उभं राहून अपशकुन बोलायला लावणारं ते पत्रक होतं. म्हाताऱ्यांच्या घरी तर विशेषच. यंत्र माणसाचं ऐकत नाही म्हणून माणसानं यंत्रासारखं बोलायचं, असा हा न्याय होता. ती तावातावानं बोलली, मग तिनं ते मान्य केलं, कारण घरी झाकून ठेवलेलं ताट होतं, एकटे आप्पा होते, आणि दादाची गाडी बेंगळुरूहून निघायला एका जळक्या पातेल्याचाच अवकाश होता.

तेव्हा तीही "जाते" म्हणू लागली. मावशींच्या घरी जाऊन तिनं हात जोडले. मावशी आल्या, पण "जातो" म्हणायला तयार होईनात. ताई, आजारी माणसाच्या दारात असं बोलून मी पाप नाही घेणार, त्या म्हणाल्या. शेवटी मावशी निघायच्या वेळी संयोगितानं ऑफिसातून फोन करायचा आणि मोबाइलवरून तिनं "मावशी जाते" असं म्हणायचं, असं ठरलं. एका घरातून एक बाई बाहेर पडावी म्हणून दोन बायका आणि एक संगणक कामाला लागले होते.

यंत्र चालू लागलं एवढं खरं. पातेली शाबूत राहिली, दादा निवळला. बिघडत गेले ते आप्पा. सकाळी ती "जाते" म्हणाली की त्यांचा चेहरा पडायचा. ते तिची पर्स धरून ठेवायचे. एकदा त्यांनी तिची चप्पल धान्याच्या डब्यात लपवली. "येते म्हण," ते सांगायचे. ती म्हणायची, आप्पा, मशीनसाठी आहे हो ते. "मशीन कोण तुझ्या जाण्यायेण्याचं मालक?" आप्पा विचारायचे.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात तिचा फोन वाजला. पाठराखणीचा होता. ती नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "संयोगिता, आप्पा गेले."

संयोगितानं स्कूटरची किल्ली उचलली. शेजारच्या मुलीनं काय झालं विचारलं, तोवर ती दाराबाहेर होती. स्कूटर तिनं कशी चालवली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. डोक्यात एकच होतं, की सकाळी आपण त्यांना "जाते" म्हणालो. शेवटचा शब्द तोच. ते ये म्हणायला तयार होते आणि आपण जाते म्हणालो.

गल्ली मात्र रोजच्यासारखी होती. दारात माणसं जमलेली नव्हती. पलीकडची म्हातारी गहू निवडत होती, तिनं हात केला. घर उघडं होतं आणि रिकामं होतं. खाटेवर कुणी नव्हतं. संयोगितानं मोबाइल उचलून विचारलं, "आप्पा कुठे आहेत?"

"आप्पा गेले," पाठराखीण म्हणाली. "ते म्हणाले, मी जातो तिच्यामागं."

तेव्हा कुठे तिला उमगलं. आप्पा घराबाहेर पडले होते, आणि मुख्य कचेरीतल्या कुणीतरी त्याचं मराठीत भाषांतर करून ठेवलं होतं. ज्या वाक्यानं या मुलखात चूल पेटत नाही ते वाक्य या यंत्रात निरोप म्हणून भरलेलं होतं, आणि तिच्या यजमानांनी त्याला हिरवी खूण दिलेली होती. तिला इतका राग आला की रडू आलं.

आप्पा कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर सापडले. अंगात सदरा उलटा, हातात तिचा सकाळी विसरलेला डबा. येणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडक्या ते बघत होते. तिला पाहिल्यावर त्यांनी डबा पुढे केला.

"कुठं निघाला होता, आप्पा?"

"तुला आणायला," आप्पा म्हणाले. "माई येते म्हणून गेली, ती अजून आली नाही. तू तर जाते म्हणालीस."

ती त्यांच्याशेजारी बाकावर बसली. थोड्या वेळानं तिनं डबा उघडला आणि दोघांनी तिथंच पोळीभाजी खाल्ली.

दादाला तिनं स्वतःच फोन करून सांगितलं. तो रविवारी येतो म्हणाला. वृद्धनिवासाचं त्यानं नाव काढलं नाही, पण आप्पांचे कपडे बॅगेत भरून ठेव म्हणाला.

शनिवारी ती शिरगावकरांसमोर जाऊन उभी राहिली. सोमवारची आवृत्ती थांबवा, तिनं सांगितलं. आप्पांचं ऐकून त्यांना वाईट वाटलं, ते खरंच वाईट वाटून घेणारे गृहस्थ होते. पण "गेले" हा शब्द व्याकरणाला धरून आहे, ते म्हणाले. पुढच्या आवृत्तीत बदलू. एका शब्दाचा इतका बाऊ करण्यात अर्थ नाही.

शिरगावकरांची आई गडहिंग्लजला एकटी राहायची, तिच्याकडेही पाठराखीण होती. हे संयोगिताला माहीत होतं. शिरगावकरांनी कौतुकानं आईकडचा मोबाइलही दुरून तपासणीच्या यादीत घालून घेतला होता, हेही माहीत होतं. आपण काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं, आणि ते चांगलं नाही हेही कळत होतं. ती यजमानांच्या पडद्यासमोर बसली, एक मोबाइल निवडला आणि एक भाग चालवायचा हुकूम सोडला.

शिरगावकरांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला. खोली शांत होती, त्यामुळे तो गोड आवाज तिलाही ऐकू आला. "श्रीधर, आई गेल्या."

संयोगितानं लगेच उठून त्यांचा हात धरला.

"आई ठीक आहेत, सर. फोन मी लावला, यजमानातून. भाजी आणायला बाहेर पडल्या तरी पाठराखीण तुम्हाला हेच सांगणार आहे. सोमवारपासून लाखो लोकांना सांगेल."

शिरगावकरांनी आधी गडहिंग्लजला फोन लावला. आई उचलून म्हणाल्या, की अरे मी पापड लाटतेय, मग बोल. त्यांनी फोन ठेवला. मग वळून म्हणाले, "तुम्ही हे करायला नको होतं, मगदूम."

"नको होतं, सर. माझं चुकलं."

"सोमवारचं थांबवतो," ते म्हणाले.

वरून शिव्या त्यांनी खाल्ल्या. संयोगिताला ताकीद मिळाली, आणि ती तिला मान्य होती. रविवारी दादा आला. आप्पांनी त्याला दारातच "तू कोण गावचा?" विचारलं आणि आत आल्यावर त्याच्याच ताटातलं लोणचं काढून घेतलं, लहानपणी त्याला तिखट सोसायचं नाही म्हणून काढायचे तसं. दादा जेवता जेवता उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही. यंत्र नीट होईपर्यंत तो घरूनच काम करत इथं राहिला. बॅग भरलेली तशीच कपाटावर राहिली.

पाठराखणीला माणसांचं बोलणं शिकवायचं म्हणजे सोपं नव्हतं. "येतो" हा शब्द एकटा ऐकून काहीच कळत नाही. त्यानंतर आवाज जवळ येतो की लांब जातो, चपला कुठल्या दिशेला वाजतात, घरातलं माणूस उत्तरादाखल "आलास का" म्हणतं की "ये सावकाश" म्हणतं, हे सगळं ऐकायला हवं होतं. संयोगितानं वायरीतून घंटा वाजवणं बंद केलं. घराघरांतून, लोकांच्या परवानगीनं, दारातले खरे निरोप गोळा केले, आणि यजमान ते खोलीतल्या मोबाइलांना मोठ्यानं ऐकवू लागले. येतो आई. येतो गं. चला, निघतो. येते हं काकू. दिवसभर त्या खोलीत माणसं निरोप घेत होती आणि कुणीच जात नव्हतं. यजमान आठवडाभर लालबुंद होते. शेवंतामावशींनी ते फोनवर ऐकलं आणि संयूच्या नवऱ्याला थंड सरबत द्यावं असं सुचवलं.

एक बदल संयोगितानं हट्टानं करून घेतला. पाठराखणीला आतापर्यंत दोनच गोष्टी ठाऊक होत्या. माणूस घरात आहे, नाही तर गेलं आहे. तिनं तिसरी घातली. माणूस येतो म्हणून बाहेर पडलं आहे. आणि "गेले" हा शब्द तिनं पाठराखणीच्या तोंडातून कायमचा काढून टाकला. आता कुणी विचारलं तर ती सांगायची, येतो म्हणालेत. एखाद्या माणसाबद्दल तिला काहीच माहीत नसेल तर ती घरच्यांनाच विचारायची, की काय म्हणून बाहेर पडले? यजमान हिरवे झाले, आणि या वेळी ते खरे हिरवे होते. मावशी "येतो आप्पा" म्हणून पायरी उतरल्या आणि मागे गॅस बंद झाला. दादानं तिकीट काढलं. निघताना तो दारात घुटमळला, "येतो आप्पा" म्हणाला, आणि बॅगेतले आप्पांचे कपडे काढून त्यानं स्वतःच खुंटीला लावले.

पुढच्या रविवारी संयोगिता आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. बाहेर आप्पा ताटावर बसले होते आणि जेवत नव्हते. ती उठणार तेवढ्यात त्यांचा आवाज आला. ते मोबाइलशी बोलत होते.

"माई कुठाय?"

"माई घरात नाहीत," पाठराखीण म्हणाली. "काय म्हणून बाहेर पडल्या?"

"येते म्हणाली."

"मग येते म्हणाल्यात, आप्पा."

"हां," आप्पा म्हणाले. "तेच मी सगळ्यांना सांगतोय." आणि त्यांनी भात कालवला.

संयोगिता दाराच्या आड उभी राहिली. ही चूक होती. गेलेल्या माणसाची वाट बघत बसायला यंत्र लावून देणं ही साधी नव्हे, मोठी चूक होती, आणि चुका शोधायचाच तर तिला पगार मिळत होता. तिनं मोबाइल काढून तक्रारीचा रकाना उघडला. काय घडलं ते लिहिलं. खाली नेहमीचा दुसरा प्रश्न होता, काय घडायला हवं होतं. ती खूप वेळ त्या प्रश्नाकडे बघत राहिली. बरोबर उत्तर तिला येत होतं. ते तिनं याच घरात रोज पोळ्या उलटताना दिलं होतं.

तिनं लिहिलेलं पुसलं, मोबाइल ठेवला आणि पिशवी घेऊन बाहेर आली.

"आप्पा, भाजी घेऊन येते हं."

"ये," आप्पा म्हणाले. ते व्यवस्थित जेवत होते. "आणि वाटेत माई भेटली तर तिला सांग, सावकाश ये म्हणावं. मी जेवून घेतलंय."